घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावायचाय, पण आई बाहेर अडकायला नको

उंबरठा:

नमस्कार मंडळी, प्रश्न अगदी बाळबोध आहे, हसलात तरी चालेल. घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज ११, बटण दाबलं की थेट डेस्कटॉप येतो, पासवर्ड कधी लावलाच नाही कारण घरातच तर आहे, कोण काय करणारे. वापरणारे आम्ही चौघं, मी, नवरा, आई आणि सुट्टीत राहायला येणारा भाचा, वय अकरा. तर गेल्या आठवड्यात या साहेबांना गेमसाठी जागा कमी पडली म्हणून त्यांनी "फालतू फोल्डर" डिलीट केले आणि त्यातला एक माझ्या टॅक्सच्या कागदांचा होता. रिसायकल बिन रिकामी करायचं त्याला सुचलं नाही म्हणून वाचले. विचारलं तर म्हणे मावशी, तू नाव "नवीन २ फायनल" दिलं होतंस, मला कसं कळणार. मुद्दा बरोबर आहे, पण तरी.

आता पासवर्ड लावायचाच असं ठरवलंय, पण मला घाई करायची नाहीये. आई सत्तरीची आहे, ती फोटो बघते आणि व्हिडिओ कॉल करते, तिला पासवर्ड लक्षात राहणार नाही आणि मी घरी नसताना ती स्क्रीनसमोर बसून राहील ही मला जास्त काळजी. नवरा म्हणतो की पासवर्ड विसरलो तर सगळं फॉरमॅट करावं लागतं, हे खरंय का? आणि पासवर्ड लावायचा की तो चार आकडी पिन?

खटपट्या:

ताई, आधी एक बघून सांगा म्हणजे हवेत बोलणं नको. सेटिंग्ज उघडा, त्यात अकाउंट्स, त्यात युअर इन्फो. नावाखाली ईमेल पत्ता दिसतोय की लोकल अकाउंट असं लिहिलंय? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

उंबरठा:

लोकल अकाउंट लिहिलंय, आणि खाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

खटपट्या:

छान, मग सोपं आहे. अकाउंट्समध्येच साइन-इन ऑप्शन्स म्हणून आहे, तिथे पासवर्डवर क्लिक केलं की अ‍ॅडचं बटण येईल. पासवर्ड दोनदा टाकायचा आणि खाली हिंट मागेल. झालं, तीस सेकंदाचं काम. पिन आधी लावायला जाल तर तो म्हणेल आधी पासवर्ड लावा, त्यामुळे पिन की पासवर्ड हा प्रश्नच नाही, लोकल अकाउंटला पासवर्ड आधी लागतोच, पिन नंतर हवा तर सोयीसाठी. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो आणि त्यात अक्षरंही टाकता येतात, चार आकडेच हवेत असं काही नाही.

ज्यांचं ईमेलवालं म्हणजे मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे त्यांच्यासाठी जाता जाता, तुम्हाला त्या पानावर पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल तर घाबरू नका, तिथेच फक्त विंडोज हॅलोने (म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) साइन-इन होऊ द्या अशा अर्थाचा एक टॉगल असतो, तो चालू असला की पासवर्ड गायब होतो. आणि तुम्ही मात्र पिनच वापरा, कारण तुमचा पासवर्ड म्हणजे तुमच्या मेलचा आणि ऑनलाइन फाइल्सचाही पासवर्ड, तो रोज घरच्यांसमोर टाईप करण्यात अर्थ नाही. मागे उभं राहून कोणी पिन पाहिला तर त्याला त्या पिनचा उपयोग फक्त त्याच खुर्चीत बसून.

हिंटबद्दल मात्र सावध. पासवर्ड चुकला की हिंट स्क्रीनवर येते आणि ती समोर बसलेल्या कोणालाही दिसते. माझ्या एका नातलगांनी हिंट लिहिली होती "गाडी". घरात गाडी एकच. नंबर अंगणातूनही दिसतो.

तिरकीरेघ:

थांबा हो, खटपट्यांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण ताईंचा प्रॉब्लेम त्याने सुटत नाही. चौघं एकच अकाउंट वापरतायत. त्याला पासवर्ड लावला की तो चौघांना सांगावा लागणार, भाच्याला नाही सांगितला तर तो आजीला विचारणार आणि आजी सांगणार, मग मिळवलं काय? पासवर्ड नंतर, आधी अकाउंट वेगळी करा.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. तो लगेच ईमेल मागेल, तिथे खाली बारीक अक्षरात "माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही" असं असतं, ते दाबा, पुढच्या पानावर परत खाली "मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा". आईचं एक, भाच्याचं एक, नवऱ्याचं एक. आणि हे महत्त्वाचं, नवीन अकाउंट स्टँडर्ड युजर म्हणूनच राहू द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. भाचा अ‍ॅडमिन असेल तर तुमचा पासवर्ड शोभेचा आहे, तो तुमचं फोल्डर उघडेल, विंडोज विचारेल परवानगी नाही, कंटिन्यू करू का, तो कंटिन्यू दाबेल आणि आत. स्टँडर्ड असेल तर तिथे तुमचा पासवर्ड मागतो. बहुतेक सॉफ्टवेअर टाकतानाही मागतो, म्हणजे गेमचा प्रश्नही बऱ्यापैकी सुटला.

आईच्या अकाउंटला पासवर्ड लावूच नका!! खरंच सांगतोय. सुरू झाल्यावर डावीकडे खाली सगळ्यांची नावं येतात, आईने आपल्या नावावर क्लिक करायचं, साइन-इन दाबायचं, आत. तिचा फोटो लावून द्या म्हणजे नाव वाचायलाही नको. रिकाम्या पासवर्डचं लोकल अकाउंट विंडोज मुळात फक्त समोर बसलेल्या माणसालाच उघडू देतो, नेटवर्कवरून किंवा रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरता येत नाही, हे आधीपासूनच तसं सेट असतं. फोटो बघणाऱ्या माणसासाठी एवढं पुरे.

आता खरी मेख. ते टॅक्सचं फोल्डर कुठे आहे? डी ड्राइव्हमध्ये ना?

उंबरठा:

हो!! तुम्हाला कसं कळलं? सगळं डीमध्येच ठेवते, सी उडाला तरी डी वाचतो असं कोणीतरी शिकवलं होतं.

तिरकीरेघ:

सगळ्यांचं तिथेच असतं म्हणून. वेगळी अकाउंट केली की एकाचं डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स दुसऱ्या स्टँडर्ड युजरला दिसत नाही, पण ते फक्त सीमधल्या युजर्स या फोल्डरच्या आतल्या गोष्टींसाठी. डी ड्राइव्ह सहसा सगळ्यांना मोकळा असतो, वाचायलाही आणि डिलीट करायलाही. म्हणजे तुम्ही लांबलचक पासवर्ड लावाल, भाचा स्वतःच्या अकाउंटमधून मजेत डी उघडेल आणि "नवीन २ फायनल" परत फालतूत जाईल. कामाच्या फाइल्स तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा, सगळ्यांनी बघायचे फोटो युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये टाका, आणि सीची भीती असेल तर एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग असतील तर डिस्क गेल्यावर दोन्ही एकदमच जातात.

एक त्रास आहे, आधीच सांगतो. नवीन अकाउंट म्हणजे कोरी पाटी. आईचं व्हिडिओ कॉलचं लॉगिन, ब्राउझरमधल्या खुणा, अक्षरं मोठी केलेली, सगळं नव्याने करून द्यावं लागेल. एक संध्याकाळ जाईल.

शांत_कीबोर्ड:

हे सगळं ठीक पण कोणी हे सांगत नाहीये की लॉगिनचा पासवर्ड डिस्क लॉक करत नाही. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली नसेल तर पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) घ्यायचं, त्यावरून मशीन सुरू करायचं, तुमचे सगळे फोल्डर उघडे, विंडोजला पत्ताही लागत नाही. किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. त्यामुळे बिटलॉकर हे विंडोजचं एन्क्रिप्शन किंवा होम एडिशनला डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू केल्याशिवाय पासवर्डला काही अर्थ नाही.

तिरकीरेघ:

अहो, टॅक्सचे कागद अकरा वर्षांच्या भाच्यापासून वाचवायचेत, गुप्तहेरांपासून नाही.

शांत_कीबोर्ड:

आज अकरा. मी तेराव्या वर्षी हेच केलं होतं म्हणून सांगतोय.

बरं, सिरीयसली, मशीन चोरीला गेलं किंवा रिपेअरला द्यायची वेळ आली तर एन्क्रिप्शनच कामाला येतं. पण ते चालू करणार असाल तर ४८ आकडी रिकव्हरी की मिळते ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज ती मागू शकतो आणि ती नसेल तर मात्र ताईंच्या मिस्टरांचं वाक्य खरं ठरतं, फॉरमॅटच. ज्यांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे त्यांनी एकदा सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बघाच, नव्या मशीनवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, रिकव्हरी की मग त्या अकाउंटच्या वेबसाइटवर ठेवलेली असते.

म्हातारा_उंदीर:

मिस्टरांच्या प्रश्नाचं नीट उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो. विसरलं की फॉरमॅट, हे खरं नाही. पण विसरण्याची सोय विसरण्याआधी करावी लागते, नंतर कपाळावर हात मारून उपयोग नाही.

लोकल अकाउंटला तीन सुरक्षा प्रश्न लावता येतात (विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका अपडेटपासून हे आलं). पासवर्ड चुकला की खाली रीसेट पासवर्ड असं येतं, तीन उत्तरं द्या, नवीन पासवर्ड टाका. जुन्या अकाउंटला आत्ता पासवर्ड लावताय तर हे प्रश्न त्याच साइन-इन ऑप्शन्सच्या पानावर पासवर्डखाली सापडतील. आता प्रश्न काय आहेत बघा, लहानपणचं लाडाचं नाव, जन्मगाव, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, सगळ्यात मोठ्या चुलत-मावस भावंडाचं नाव. अहो, घरात ही उत्तरं कोणाला माहीत नाहीत? भाच्याला तर मोठं भावंड कोण हे तुमच्यापेक्षा पक्कं माहीत असेल! त्यामुळे खरी उत्तरं द्यायचीच नाहीत. पाळीव प्राण्याचं नाव "इस्त्री" लिहा, जन्मगाव "मंगळवार". फक्त काय लिहिलं ते डायरीत नोंदवा, डायरी भाच्याच्या उंचीच्या वर.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, पासवर्ड रीसेट डिस्क. पेनड्राइव्ह लावा, कंट्रोल पॅनेलमध्ये युजर अकाउंट्समध्ये डावीकडे ती बनवायची लिंक आहे, आत्ताचा पासवर्ड विचारतो आणि एक छोटीशी फाइल लिहून देतो. नंतर पासवर्ड दहा वेळा बदललात तरी तीच चालते. पण ज्याच्या हातात तो पेनड्राइव्ह त्याच्या हातात तुमचं अकाउंट, तेव्हा किल्लीसारखी ठेवा. हा उपाय फक्त लोकल अकाउंटला.

तिसरा उपाय सगळे सांगतात, दुसऱ्या अ‍ॅडमिन अकाउंटमधून रीसेट करा. होतं, पण त्यात मी स्वतः पोळलोय. बायको पासवर्ड विसरली, मी मोठ्या तोऱ्यात माझ्या अकाउंटमधून तिला नवीन पासवर्ड लावून दिला, अर्ध्या मिनिटात, आणि म्हटलं बघ किती सोपं. ती आत गेली तर ब्राउझरमध्ये साठवलेले तिचे सगळे पासवर्ड गेलेले. कारण असं की विंडोज त्या गोष्टी ज्या किल्लीने बंद करतो ती किल्ली तुमच्या जुन्या पासवर्डने बांधलेली असते. स्वतः जुना टाकून नवीन लावला तर विंडोज किल्ली नव्याने बांधून देतो, बाहेरून कोणी बदलला तर जुनी गाठ सुटतच नाही. तशी ताकीद स्क्रीनवर येते, मी न वाचता ओके केलं होतं. चार दिवसांनी तिला जुना पासवर्ड आठवला, तोच परत लावला तेव्हा सगळं उघडलं. ते चार दिवस मी त्या खोलीत फार गेलो नाही.

बाकी ताई, तुमची अडचण पासवर्डच्या जन्माइतकी जुनी आहे. कॉम्प्युटरला पासवर्ड पहिल्यांदा लावला गेला तो साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत एमआयटीमध्ये, फर्नांडो कॉर्बाटो यांच्या टीमने. मशीन एक, वापरणारे पुष्कळ, प्रत्येकाच्या फाइल्स वेगळ्या राहाव्यात एवढाच हेतू, हॅकर बिकर नंतर आले. आणि १९६२ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याने मशीनवर वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून पासवर्डची फाइलच प्रिंट करून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. म्हणजे जागा कमी पडली म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरला हात घालणारे तेव्हाही होते.

उंबरठा:

वा, केवढी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! शनिवारी बसून केलं सगळं. आईचं अकाउंट बिनपासवर्डचं, फोटो म्हणून तिने स्वतःच मोगऱ्याचं फूल निवडलं. भाच्याचं स्टँडर्ड. नवऱ्याने स्वतःला अ‍ॅडमिन करून घ्यायचा प्रयत्न केला, तो हाणून पाडला. डीमधलं सगळं हलवलं. पासवर्ड लावला, प्रश्नांना वेडीवाकडी उत्तरं दिली.

आणि आता मीच आत जाऊ शकत नाहीये!!! काल लावला तोच टाकतेय, मोबाईलमध्ये लिहून ठेवलाय, बघून बघून टाकतेय, चूक म्हणतो. रीसेट डिस्क बनवायची राहिली. मोबाईलवरून लिहितेय. आई तिच्या अकाउंटमध्ये निवांत बसून फोटो बघतेय आणि मला विचारतेय काय गं, तुझं काय अडलं.

खटपट्या:

काही करू नका, रीसेट तर मुळीच दाबू नका. पासवर्डच्या चौकटीत काहीतरी टाईप करा आणि उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र येतं ते दाबून धरा. काय दिसतंय?

उंबरठा:

अय्या, मराठी अक्षरं आहेत! प र क असं काहीतरी.

खटपट्या:

वाटलंच. तुम्ही मराठी टाईप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड घातलाय ना? पासवर्ड लावताना इंग्रजी चालू होता, आता लॉगिनला मराठी चालू आहे. तुम्ही एच दाबताय तिथे प पडतोय, जेचा र होतोय, केचा क, आणि वर ठिपकेच दिसतात म्हणून कळत नाही. उजवीकडे खाली भाषेचं छोटं बटण आहे ते बदला, किंवा विंडोज बटण धरून स्पेस दाबा.

उंबरठा:

गेले आत!! देव तुमचं भलं करो. वीस मिनिटं घाम फुटला होता.

म्हातारा_उंदीर:

आता आधी पेनड्राइव्ह शोधा. पुढच्या वेळी असं झालं तर भाषा, मग कॅप्स लॉक, मग नम लॉक या क्रमाने बघा. नम लॉक बंद असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर पिन दाबत बसाल आणि चौकटीत एकही ठिपका उमटणार नाही, मी एकदा त्या पायी कीबोर्ड बिघडला म्हणून बदलायला निघालो होतो.

पासवर्ड काय ठेवलाय विचारत नाही, पण @ आणि १२३ लावून सजवलेलं घरातल्याचं नाव असेल तर बदला. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, कासव, जिना, पावती, भोपळा असे, लांब होतो आणि लक्षातही राहतो (हे चार इथे छापून आले, तेव्हा हे सोडून). दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७ मध्ये ठराविक मुदतीने सक्तीने बदलायला लावू नका असंच सांगितलंय, कोणी बघितला असं वाटलं की बदलायचा.

तिरकीरेघ:

आणि उठताना विंडोज बटण आणि एल दाबायची सवय लावा, नाहीतर उघडं ठेवून दहा मिनिटं गेलात की एवढ्या सगळ्याचा उपयोग शून्य. साइन-इन ऑप्शन्समध्येच झोपेतून उठल्यावर परत पासवर्ड मागायचा का हेही आहे, ते नेव्हरवर नाही ना बघून घ्या. अजून एक, तुमचं अकाउंट लॉक असताना आईने शटडाउन केलं तर अजून कोणीतरी वापरतंय, न सेव्ह केलेलं जाईल अशी सूचना येते. आईला सांगून ठेवा की ती सूचना आली की आधी तुम्हाला हाक मारायची.

उंबरठा:

पेनड्राइव्ह केला, कपाटात वरच्या कप्प्यात आहे. एल ची सवय होतेय. नंतर पिनही लावला, सहा आकडी, रोज तो चार शब्दांचा मजकूर टाईप करायचा कंटाळा यायला लागला.

काल भाचा आला. मी स्वयंपाकघरात, हा माझ्या नावावर क्लिक करून पिन शोधतोय, माझा वाढदिवस, आजीचा वाढदिवस, स्वतःचा वाढदिवस. मग एकदम ओरडला, मावशी, सापडला, कॉम्प्युटरनेच सांगितला! धावत गेले तर स्क्रीनवर लिहिलेलं, पिन बऱ्याच वेळा चुकलाय, पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर खाली ए१बी२सी३ टाका. त्याने ते टाकलं, आणि परत पिनची रिकामी चौकट आली. आता तो आजीच्या मोगऱ्यावर क्लिक करून गेम शोधतोय.